उत्तरवाहिनीच्या काठी

गंगा हिमालयातून उतरल्यावर बहुतेक सारा प्रवास आग्नेयेकडे व पूर्वेकडे करते. काशीजवळ मात्र ती वळते आणि काही अंतर उत्तरेकडे वाहते. या वळणामुळेच तिला तेथे उत्तरवाहिनी म्हणतात. श्रद्धाळूंना या शब्दात पुण्याचा अर्थ दिसतो. छायाचित्र काढणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ निव्वळ व्यवहारी आहे. नदी उत्तरेकडे वाहते, शहर तिच्या पश्चिम काठावर चंद्रकोरीसारखे वसले आहे आणि समोरच्या पूर्व काठावर वाळूशिवाय फारसे काही नाही, कारण पावसाळ्यात तो काठ पाण्याखाली जातो. त्यामुळे सकाळचा सूर्य वाळूच्या कडेवरून उगवतो तो कोणाच्याही आड न येता थेट घाटांवर पडतो. अस्सीपासून राजघाटापर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीची, चौऱ्याऐंशी घाटांची ही दगडी भिंत एकाच वेळी उजळते.

ज्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे, त्यांनी काशीत संध्याकाळचे ऊन हुकले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. सूर्य शहराच्या पाठीमागे मावळतो. दुपार कलली की घाटांवर उंच वाड्यांची सावली पसरते आणि छायाचित्राच्या पुस्तकांतून ज्याचे कौतुक असते ते मावळतीचे सोनेरी ऊन घाटांना मिळतच नाही. ते मिळते पलीकडच्या काठावरील रामनगरच्या किल्ल्याला. सकाळचा हिशेबही नेमाच्या बाजूनेच आहे. नवकारशीचा काळ सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा; आणि हिवाळ्यात सूर्य क्षितिजापासून साधारण दहा अंश वर चढून उन्हातला सोनेरीपणा ओसरायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. पच्चक्खाण पारण्याची वेळ होते तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवण्याचीही वेळ झालेली असते.

बारामतीच्या पेठेतील एक कापड व्यापारी मार्गशीर्ष वद्य दशमीच्या सुमारास, ज्या दिवसाला आपल्याकडे पोष दशमी म्हणतात त्या पार्श्वनाथ जन्मकल्याणकासाठी, आईला घेऊन काशीला गेले. भगवान पार्श्वनाथांचे जन्मस्थान भेलूपुरात, सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथांचे भदैनीत गंगेच्या काठावर, अकरावे श्रेयांसनाथांचे सारनाथजवळ सिंहपुरीत आणि आठवे चंद्रप्रभूंचे शहराबाहेर गंगाकाठच्या चंद्रावतीत. चार तीर्थंकरांच्या कल्याणकांनी पावन झालेली ही भूमी. आईंचे वय चौऱ्याऐंशी. पूर्वी त्या या दिवसांत अठ्ठम करीत. आता गुडघ्यांनी आणि डोळ्यांनी मर्यादा घातल्या होत्या. डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग निकामी होत चालल्यामुळे समोर पाहिले की मधोमध धुरकट डाग दिसे आणि कडेचे तेवढे दिसे. म्हणून त्या मान किंचित तिरकी करून पाहत.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्या यजमानांबरोबर शिखरजीच्या यात्रेत काशीला आल्या होत्या. त्या वेळची एक आठवण घरातील सर्वांना पाठ होती. भदैनीच्या घाटावर यजमानांची एक चप्पल पाण्यात पडून वाहून गेली आणि उरलेली दुसरी त्यांनी हट्टाने बारामतीपर्यंत परत आणली. त्या पायऱ्या पुन्हा पाहायच्या, एवढीच त्यांची इच्छा होती. पण भेलूपूरच्या धर्मशाळेत पोहोचल्यावर, थंडी आणि घाटांच्या उतरंडीचा विचार करून त्यांनीच निर्णय दिला. “दर्शन मी इथे करते. नदी तू बघून ये आणि मला दाखव.”

व्यापाऱ्यांकडे मुलीने साठीनिमित्त भेट दिलेला चांगला कॅमेरा होता. त्याच्यावरील बटणांपैकी निम्म्यांना त्यांनी कधी हात लावलेला नव्हता.

पहिल्या दिवशी आकाश स्वच्छ होते. डिसेंबरच्या अखेरीस काशीत सूर्योदय सुमारे पावणेसातला होतो. साडेसहाला ते भदैनीजवळच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि सूर्य वाळूच्या कडेवर येताच त्यांनी कॅमेरा त्याच्याकडे वळवला. पाण्यावरची लाल वाट, तीत एक नाव, नावेत उभा नावाडी, वर पक्ष्यांचा थवा. दिनदर्शिकेवर शोभावे असे चित्र पहिल्याच दिवशी मिळाले याचा त्यांना अभिमान वाटला. धर्मशाळेत परतून त्यांनी ते टॅबलेटवर मोठे करून आईंसमोर धरले. आईंनी मान तिरकी केली, टॅबलेट जवळ ओढला, पुन्हा लांब धरला.

“अरे, हे सगळं काळंच आहे.”

त्यांचे म्हणणे खरे होते. सूर्याकडे तोंड करून काढलेल्या चित्रात कॅमेरा सूर्याच्या झगझगाटाचे माप घेतो आणि त्यापुढे उरलेले सारे अंधारात टाकतो. नाव, माणूस, पायऱ्या यांच्या केवळ काळ्या आकृती उरतात. निरोगी डोळ्याला त्या आकृती सुंदर वाटतात, कारण उरलेले तो मनाने भरून काढतो. ज्या डोळ्याला मधले दिसतच नाही, त्याच्या हाती काळा डाग आणि लाल डाग एवढेच लागते.

त्या रात्री मुलीशी फोनवर बराच वेळ बोलणे झाले. ती पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीत कॅमेरा घेऊन गडकिल्ले फिरते. तिने पहिला प्रश्न विचारला तो सूर्य पाठीशी होता की समोर, हा. घाट पाहायचे तर घाटावर उभे राहून चालत नाही. नावेत बसून नदीतून त्यांच्याकडे पाहावे लागते, म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि घाट समोरून उजळतात. काशीचे ओळखीचे वाटणारे प्रत्येक चित्र बहुधा पाण्यावरून घेतलेले असते, ते याच कारणाने. टांकसाळीचा अधिकारी म्हणून १८२० साली येथे आलेल्या आणि पुढे ब्राह्मी लिपीचा उलगडा करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने घाटांची रेखाटने छापली, १८६० च्या दशकात सॅम्युएल बोर्नने काचेच्या जड पट्ट्यांवर घाटांची छायाचित्रे घेतली. साधने बदलली तरी सूर्याची बाजू काही बदललेली नाही.

पण नाव हलते, आणि खरा हिशेब तेथे सुरू होतो. कॅमेऱ्यात प्रकाश किती जमा व्हावा हे तीन गोष्टींवर ठरते. ॲपर्चर म्हणजे दार किती उघडे ठेवायचे. शटर म्हणजे ते किती वेळ उघडे ठेवायचे. आणि आयएसओ म्हणजे आत आलेल्या प्रकाशाची किंमत किती वाढवून धरायची. पहिल्या दोन वाटांनी येतो तो स्वतःचा पैसा. आयएसओ वाढवणे म्हणजे उसने घेणे, आणि त्याचे व्याज चित्रात रवाळ दाण्यांच्या रूपाने भरावे लागते. कापडाच्या दुकानात चाळीस वर्षे बसलेल्या माणसाला हे समजायला दोन मिनिटे पुरली. ट्रायपॉड नावेत निरुपयोगी, कारण खाली जमीनच हलत असते. शटर सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागापेक्षा, म्हणजे १/१२५ पेक्षा, सावकाश ठेवले तर अक्षरे फाटतात. मग पहाटेच्या अंधूक प्रकाशात ॲपर्चर एफ ४ पर्यंत उघडल्यावरही जे कमी पडते ते आयएसओ ३२०० पर्यंत नेऊन उसने घ्यावेच लागते. कर्जाची भीती बाळगणारे सज्जन येथे फसतात. ते आयएसओ १०० वर हटून बसतात आणि हललेली चित्रे घरी आणतात. दाणेदार चित्र वाचता येते, हललेले वाचता येत नाही. सूर्य वर आला की कर्ज फेडत जायचे: उगवतीला आयएसओ ८००, शटर १/२५०, ॲपर्चर एफ ५.६, आणि अर्ध्या-पाऊण तासाने आयएसओ २००, एफ ८. यांतला प्रत्येक पूर्ण टप्पा प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करतो, एवढे लक्षात ठेवले की बाकीचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

व्हाइट बॅलन्सचे प्रकरण तर त्यांनी मुलीलाच समजावून सांगितले. साडी घेणारी बाई ट्यूबलाइटखाली रंग पसंत करीत नाही; ती साडी उचलून दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात नेते. कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स दारात न जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखा असतो. उन्हाचा पिवळेपणा त्याला दोष वाटतो व तो धुऊन टाकतो आणि काशीची सकाळ बारामतीच्या दुपारसारखी दिसू लागते. त्याला ‘डेलाइट’वर, साधारण ५२०० ते ५५०० केल्विनवर, बांधून ठेवले की पहाटेचा निळा निळाच राहतो आणि उगवतीचा केशरी केशरीच राहतो.

दुसरा दिवस दशमीचा होता. भेलूपूरच्या मंदिरात पहाटेपासून गर्दी, स्नात्रपूजा, स्तवने. आई दोन तास खुर्चीवर बसून होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आदल्या दिवशीची निराशा नव्हती. गाभाऱ्यात कॅमेरा न्यावा की नाही हा प्रश्नच आला नाही. बाहेर धुके इतके दाट होते की रस्त्यापलीकडचे दुकान दिसत नव्हते. नदीवर जाणे व्यर्थ होते. दुपारी धुके ओसरल्यावर व्यापारी गल्ल्यांतून फिरले.

काशीच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की ऊन तळापर्यंत क्वचितच पोहोचते. वरून आकाशाची चिंचोळी पट्टी उजेड देते. तो समोरच्या भिंतीवर आपटून खाली झिरपतो आणि कोणाचीही धारदार सावली पडत नाही. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’त काशीच्या एका घराचे अंगण आहे. ते कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले होते आणि छायालेखक सुब्रत मित्र यांना त्यात काशीचाच हा झिरपता उजेड हवा होता. स्टुडिओचे दिवे थेट टाकले तर प्रत्येक वस्तूला चार-चार सावल्या पडत. त्यांनी अंगणाच्या वर पांढरे कापड ताणून बांधले आणि दिव्यांचा प्रकाश खालून त्या कापडावर टाकला. कापडावरून परतलेला मऊ उजेड आकाशातून उतरल्यासारखा दिसला. पुढे जगभर रूढ झालेल्या या पद्धतीचा त्यांनी इतक्या लवकर अवलंब केला तो काशीच्या एका अंगणासाठी. पांढऱ्या कापडाचा असा उपयोग बारामतीच्या दुकानात कोणाला सुचला नसता. गल्लीत फ्लॅश उडवणाऱ्याला मात्र हे सारे फुकट मिळालेले वैभव एका क्षणात घालवता येते.

संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी, सव्वापाचच्या आत आटोपून ते दशाश्वमेध घाटावर आरतीला गेले. त्याचे फारसे सांगण्यासारखे नाही. आरती प्रकाशचित्रांतून इतकी पाहिलेली असते की प्रत्यक्षात तिची चित्रे आधीच काढून झाल्यासारखी वाटतात. मापक केवळ ज्योतीवर धरावा, चित्र मुद्दाम एखाद्या टप्प्याने काळोखे ठेवावे, म्हणजे ज्योत पांढरा ठिपका न होता ज्योत राहते, एवढे पुरे. त्याहून मोलाची ती सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे, जेव्हा आकाश शाईसारखे निळे असते आणि घाटावरचे दिवे लागलेले असतात. पण आईंसाठी तीही चित्रे काळीच होती.

तिसरी सकाळ शेवटची. दुपारची गाडी होती. सहा वाजता खिडकी उघडली तेव्हा धुके होतेच, आदल्या दिवसापेक्षा पातळ एवढेच. धर्मशाळेतील थंड खोलीतून निघताना अडचण नव्हती. थंडीतून उबदार खोलीत परतताना मात्र लेन्सवर दव धरते, म्हणून कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मगच आत न्यायचा, हे ते पहिल्या दिवशी चुकून शिकले होते. अस्सीला नाव ठरली. नावाडी पन्नाशीचा, कमी बोलणारा. “सूरज आज देर से आएगा, बाबूजी,” एवढे सांगून त्याने वल्ही टाकली.

धुक्यात कॅमेऱ्याचा मापक आणखी एका रीतीने फसतो. समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, हे त्याचे गृहीतक असते. त्याच्यासमोर पांढरे मांजरपाट ठेवा, तो ते करडे दाखवील. काळे कापड ठेवा, तेही करडे दाखवील. धुके पांढरे असते. म्हणून मापकावर विश्वास ठेवला तर चित्र मळकट येते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन नावाचे जे लहानसे बटण असते, अधिक-उणे अशी खूण असलेले, ते अशा वेळी अधिक एकवर न्यायचे असते. सूर्याकडे तोंड करून आकाशाचे रंग राखायचे असतील तर उणे. धुक्यात आणि चुनखडीने रंगवलेल्या भिंतींपुढे अधिक. हे उलटे वाटते, म्हणून बहुतेकांचे हात चुकतात.

रीवा घाट, तुलसी घाट मागे पडले. पाणीपुरवठ्याची भदैनीची उंच इमारत धुक्यातून वर आली, मग जानकी घाट, आनंदमयी घाट आणि त्यापुढे बच्छराज घाट. बच्छराज नावाच्या व्यापाऱ्याने बांधलेल्या या घाटाचाच पुढचा भाग १९३१ पर्यंत वेगळा नव्हता. नंतर जैन समाजाने तो पक्का बांधून घेतला आणि त्याला जैन घाट म्हणू लागले. वर सुपार्श्वनाथांचे मंदिर. येथेच गणेशप्रसाद वर्णी यांनी १९०५ मध्ये स्याद्वाद महाविद्यालय सुरू केले, ज्यातून पंडितांच्या पिढ्या घडल्या. सूर्योदय होऊन बराच वेळ झाला होता, पण सूर्य म्हणजे पाठीमागे धुक्यात अडकलेली फिकट थाळी होती. ज्या सोनेरी उन्हासाठी एवढी तयारी केली, ते येणार नव्हते.

व्यापाऱ्यांनी पहिली काही चित्रे मधल्या धारेतून घेतली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठी करून पाहिली. पायऱ्या दुधात बुडाल्यासारख्या. नाव आणि घाट यांच्यामध्ये जेवढे अंतर, तेवढे धुके. त्यावर कोणत्याच बटणाचा इलाज नव्हता. त्यांनी नावाड्याला काठाजवळ घ्यायला सांगितले. “कितना?” त्याने विचारले. “जेवढं जाता येईल तेवढं,” ते मराठीतच बोलून गेले, आणि त्याला ते कळले. वीस-पंचवीस हातांवर नाव थांबली तेव्हा पायऱ्यांचे दगड सुटे दिसू लागले. कोठेही काळी सावली नव्हती. आकाशच पांढरे कापड होऊन घाटावर ताणले गेले होते आणि उजेड प्रत्येक पायरीच्या तळापर्यंत सारखा उतरला होता. कालची गल्लीतली गोष्ट आज उघड्यावर घडत होती.

काशीच्या छायाचित्रांच्या रूढ मापाने पाहिले तर त्यांनी पुढे जे केले ते चुकीचे होते. ॲपर्चर एफ ८, शटर १/२५०, आयएसओ ८००, आणि कॉम्पेन्सेशन अधिक एकवरून अधिक दीडवर. हिस्टोग्राम उजव्या कडेला जाऊन टेकला. म्हणजे आकाश पूर्ण पांढरे झाले, त्यात परत मिळवण्यासारखे काही उरले नाही. रॉ आणि जेपीईजी दोन्ही नोंदले जात होते, तरी कोऱ्या आकाशात रॉसुद्धा रंग आणू शकत नाही. पण पायऱ्या, पाण्याची कड, दगडांवरची शेवाळाची रेघ, भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले घाटाचे नाव, धुणे धुणारी एक बाई, सारे लख्ख. पायऱ्यांची डावीकडून उजवीकडे अशी सात चित्रे त्यांनी घेतली, प्रत्येकात मागच्याचा थोडा भाग येईल अशी.

पुढचा प्रवास त्यांनी निवांतपणे केला. हरिश्चंद्र घाटाची पहिली चिता दिसताच लेन्सवर झाकण बसवले. पलीकडच्या नावेतून एक जण फोन उंचावून चित्रण करीत होता. नावाड्याने त्याला दोन शब्द सुनावले आणि नाव बाजूला घेतली. परक्याच्या घरी मयत झाली असताना त्याच्या दारात उभे राहून चित्र काढायचे नसते, हे कोणत्याही गावच्या पेठेत कोणाला शिकवावे लागत नाही. काशीत ते पाटी लावून सांगावे लागते. मणिकर्णिकेपाशीही झाकण तसेच राहिले. मध्ये अहिल्याबाईंचा घाट आणि पुढे नागपूरकर भोसल्यांचा व ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा घाट लागला. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मराठ्यांनी या काठावर किती दगड बसवला याचा अंदाज पाण्यावरूनच येतो. शिंदे घाटाजवळचे रत्नेश्वराचे मंदिर कलले आहे. त्याचे चित्र घेताना कॅमेऱ्यातील समपातळीची रेघ दाखवणारी सोय अवश्य सुरू करावी. नाहीतर कललेले मंदिर सरळ येते आणि सारी काशी वाकडी.

धर्मशाळेत आई नवकारशी पारून खिडकीजवळ बसल्या होत्या. कॅमेरा पिशवीतून बाहेर निघेपर्यंतचा अर्धा तास व्यापाऱ्यांना फार लांब वाटला. टॅबलेटवर त्यांनी कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला, चित्र पडदाभर केले आणि आईंच्या हातात दिले. त्यांनी मान तिरकी केली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग भिंतीवरची अक्षरे एकेक करून वाचली. वाचता येत आहेत, याचे त्यांना स्वतःलाच नवल वाटले असावे, कारण त्या पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचू लागल्या.

“ही बाई धुणं धुतेय ना?”

“हो.”

“इथं नव्हे. तिच्या पुढं, पाण्यालगत. पुढचा फोटो दाखव.”

त्यांनी दुसरे दाखवले, तिसरे दाखवले. चौथ्या चित्रात पायऱ्यांची ओळ एका बुरुजासारख्या कोपऱ्याला वळसा घालते. तेथे त्यांचे बोट थांबले.

“इथं बसले होते तुझे वडील. मी वरच्या पायरीवर. पाणी तेव्हा इतकं खाली नव्हतं.”

घाटाचा तोच कोपरा होता की नाही, कोण सांगणार? पायऱ्या किती वेळा डागडुजी होऊन बदलल्या असतील; १९७८ च्या महापुराचे पाणी या सगळ्या पायऱ्यांवरून वर, वस्तीत गेले होते. व्यापाऱ्यांनी ते विचारले नाही. त्यांनी चित्र आणखी मोठे केले, आणि आई त्या कोपऱ्याभोवतीच्या पायऱ्या मोजत राहिल्या. नऊ मोजून झाल्यावर धुक्याने पुढच्या पुसल्या होत्या.

बारामतीला परतल्यावर हे चौथे चित्र बारा बाय अठरा इंचांत छापायला दिले. स्टुडिओतील मुलाने दोन दिवसांनी आनंदाने ते हाती ठेवले. आकाश फारच पांढरे आले होते म्हणून त्याने संगणकावर त्यात निळा रंग भरला होता, दोन ढगही टाकले होते, आणि त्या आकाशाला शोभावे म्हणून पायऱ्या थोड्या गडद केल्या होत्या. त्याचे जास्तीचे पैसेही त्याने लावले नव्हते. व्यापाऱ्यांनी त्याचे मन दुखावू नये म्हणून त्या प्रतीचे पैसे दिले, ती दुकानात ठेवली आणि मूळ फाइल पुन्हा त्याच्यापुढे केली.

“आकाश आहे तसंच कोरं राहू दे. पायऱ्यांना हात लावू नकोस.”

आता ते चित्र त्यांच्या घरी बैठकीत आहे, इतर तसबिरींपेक्षा बरेच खाली, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. पाहुणे ते वर लावायला सुचवतात.